फिटरबाई निघून गेली तो भाग

होळीच्या दिवशी दुपारी चार वाजता कापूरहोळला माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत एक लहानशी होळी पेटते. गावाची नव्हे, आमची. गावच्या होळीच्या आधी दुसरी पेटवू नये, असं मला दरवर्षी कोणीतरी येऊन सांगतं आणि दरवर्षी मी काडी लावते. या होळीत आम्ही चौघंजण एका परदेशी अवकाशयानाच्या मालिकेतले सगळ्यात वाईट प्रसंग जाळतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

पद्धत साधी आहे. प्रत्येकाने एक गोवरी आणायची. तिच्यावर चुन्याने आपल्या मते मालिकेतला सगळ्यात वाईट प्रसंग दोन-तीन शब्दांत लिहायचा. मग तासभर भांडायचं. चौघांपैकी तिघांना जी गोवरी पटेल ती आगीत जाते. तिच्या नावाने पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकायची, आणि त्या क्षणापासून तो प्रसंग आमच्या लेखी घडलेलाच नसतो. पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही.

जाळण्याजोगं त्या मालिकेत भरपूर आहे. तीस वर्षं चाललेली गोष्ट ती. चार कप्तान बदलले, यान दोनदा बदललं. मेलेला पहिला कप्तान तीनदा जिवंत होऊन परत आला. एका वर्षीचे सगळेच्या सगळे भाग शेवटी कोणाचं तरी स्वप्न निघाले. एकदा यान अशा ग्रहावर उतरलं की तिथे हत्ती, गारुडी आणि फेटेवाले नाचताहेत, आणि ते म्हणे परग्रहवासी. आणि हिंदीतला कप्तानाचा आवाज मधेच बदलला तेव्हा तो भारदस्त माणूस एकाएकी सर्दी झाल्यासारखा बोलायला लागला. ती गोवरी पहिल्याच वर्षी चौघांच्या एकमताने आत गेली.

मी पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करते, म्हणजे आत नवी तार भरते. एकदा पुण्याचे एक बंगलेवाले मोटार घेऊन आले होते. माझ्या मोबाईलवर यान चाललेलं बघून म्हणाले, "अरे वा, तुम्ही हे बघता?" त्या 'तुम्ही'मध्ये काय काय होतं ते मला चांगलं कळलं. मी म्हटलं, "बघते. मोटारही भरते. दोन्ही नीट करते." त्यांची मोटार मी त्या दिवशी सगळ्यात शेवटी घेतली.

आता बाकीचे तिघं. एक माझी मैत्रीण, भोरला नर्स आहे. दुसरा पालीचा, राजगड चढायला येणाऱ्यांना झुणका-भाकर करून घालतो. मला ताई म्हणतो. तिसरे मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीचे कंडक्टर. आता निवृत्त झालेत. आम्ही चौघं एकत्र आलो ते त्यांच्याच गाडीत, वीस वर्षांपूर्वी.

तेव्हा भारनियमन होतं. प्रत्येक गावाची वीज जायची वेळ वेगळी. मालिका लागायची रविवारी सकाळी अकराला, आणि अकराला वेल्ह्याकडच्या बहुतेक गावांत अंधार, म्हणजे टीव्हीपुरता अंधार. आमच्या कामथडीतही तीच गत. पण माझे वडील कापूरहोळच्या एका ढाब्यावर आचारी होते आणि त्या ढाब्यावर जनरेटर होता. मी रविवारी कांदे चिरायला म्हणून त्यांच्याबरोबर जायची आणि कांदे चिरत चिरत अख्खा भाग बघायची. सगळ्या वाटेवर तो बघणारी मी एकटी होते.

सोमवारी सकाळी वेल्ह्याहून भोरला जाणारी एसटी कामथडीला यायची तेव्हा कॉलेजची पोरं तिच्यात आधीच भरलेली असायची. मी चढले की कोणीतरी ओरडायचं, "आली आली!" मला बसायला जागा द्यायचे, पण मी बसत नसे. दांडीला धरून उभ्याने सांगायची. यान कसं हललं, कप्तान काय म्हणाला, सगळं आवाज काढून. कापूरहोळच्या थांब्यापर्यंत निम्मा भाग व्हायला हवा आणि भोरच्या स्टँडच्या आत शेवट, एवढं गणित मला पक्कं जमलं होतं. पालीवाला तेव्हा मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभा राहून ऐकायचा. मैत्रीण मधे मधे प्रश्न विचारून वैताग आणायची.

आणि मास्तर. त्यांच्या घरी टीव्हीच नव्हता. तिकिटं फाडून झाली की पेटी मांडीवर घेऊन ते पुढच्या सीटवर तोंड मागे करून बसायचे. एकदा एक म्हातारे कापूरहोळला लघवीला उतरले, परत येईपर्यंत ड्रायव्हरने चार वेळा हॉर्न वाजवला. मास्तरांनी निघायची डबल बेल दिली नाही. म्हातारे चढले, मास्तरांनी बोटाने माणसं मोजली, मग दोरी दोनदा ओढली. "मानूस भाईर असला तर गाडी हलत न्हाई," म्हणाले. आणि लगेच माझ्याकडे वळून, "हं, मग? फिटरबाईचं काय झालं?"

फिटरबाई ही यानावरची यंत्रं दुरुस्त करणारी बाई. तिला मालिकेत मोठंसं नाव होतं, आमच्या तोंडात ते बसेना, म्हणून मीच तिचं फिटरबाई करून टाकलं. तेलकट कपडे, कमरेला पाने-पकडी, कप्तानाला तोंडावर सांगायची की हे इंजिन असं ओढू नका. मला ती फार आवडायची. मी पुढे आयटीआयला गेले, मोटारी उघडायला शिकले, ते तिच्यामुळेच. हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

त्या रविवारी फिटरबाई यानाच्या बाहेर होती. कमरेला दोर बांधून तुटलेलं काहीतरी जोडत होती. शत्रूची यानं आली. एक धक्का बसला आणि दोर तुटला. ती हळूहळू लांब जायला लागली आणि पाठीमागचं संगीत बदललं. मी कांदा हातात धरून बघतेय, तोच जनरेटरने दोन गचके दिले आणि बंद पडला. डिझेल संपलं होतं. माणूस जाऊन ते घेऊन आला आणि टीव्ही पुन्हा लागला तेव्हा भाग संपून जाहिराती सुरू होत्या.

मला कळलं होतं. तशा संगीतानंतर काय होतं ते कोणालाही कळतं. पण सोमवारी एसटीत चढले, "आली आली" झालं, मास्तरांनी पेटी मांडीवर घेतली, आणि माझ्या तोंडून ती मेली हे निघेना. बघितलं नाही, हेही म्हणवेना. सोळाव्या वर्षी एवढा मोठेपणा मिळालेला असतो, तो असा सोडवत नाही. मग मी सांगितलं. दोर तुटला, फिटरबाईने शत्रूची एक छोटी नाव पकडली, आत शिरली, ती चालू केली. कप्तान ओरडला, परत ये, हा हुकूम आहे. ती म्हणाली, हुकूम तुमच्यापाशी ठेवा, मी माझ्या घरी निघाले. आणि गेली. यान तिथेच, लढाई तिथेच, ती गेली.

गाडीत एकच गलका झाला. पळपुटी! बेइमान! माझी मैत्रीण रडली. मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या गाडीतून कोणी उतरून गेलंय. मी दांडी घट्ट धरून उभी होते. मनात एवढंच होतं, की ती बदनाम झाली तर होऊ दे, पण जिवंत राहू दे.

माझं खोटं कधी उघडं पडलं नाही. फिटरबाई पुढच्या भागापासून खरंच दिसली नाही आणि यानावर कोणी तिचं नावही काढलं नाही. रागावलेत तिच्यावर, असं आम्ही धरून चाललो. नंतर ते चॅनेल बंद पडलं. मोबाईलवर मालिका आली ती नव्या कप्तानांची. ते जुने हिंदी भाग कुठेच नव्हते. मास्तरांनी निवृत्तीनंतर मोबाईल घेतला आणि सगळे नवे भाग बघून काढले, पण जुने त्यांना माझ्याच तोंडचे माहीत. कोणी वाद घातला तर ते सांगत, "हिनं सांगितलंय म्हंजी तसंच हाय. ही पोरगी एक अक्षर खोटं सांगत न्हाई." ते ऐकून मी दरवेळी हातातल्या कामाकडे बघायची.

मास्तरांची गोवरी दरवर्षी तीच असायची. 'फिटर पळाली.' त्यांचं म्हणणं एवढंच, "गाडी मधीच सोडायची नस्ती. वरंध घाटात माजी गाडी बंद पडली, समद्यास्नी दुसऱ्या गाडीत बसवलं, आन म्या दिवसभर गाडीपाशी बसून व्हतो. मेलो असतो तरी हललो नसतो. आन ही बया!" दरवर्षी मी काहीतरी खटपट करून ती गोवरी हरवत होते. स्वप्नाचं वर्ष पुढे कर, हत्ती पुढे कर, मैत्रिणीला फितव. त्यांची गोवरी जळली असती तर फिटरबाईचं जाणं घडलंच नाही असं झालं असतं, आणि मग ती कुठे असती? मला एकटीलाच ठाऊक होतं.

या वर्षी पुढे करायला हत्ती, स्वप्नं काही उरलं नव्हतं, सगळं जाळून झालं होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, दरवर्षी मास्तरांचं ऱ्हातंय. या खेपेला त्यांचं घेऊन टाकू." पालीवाल्यानेही मान डोलावली. तीन झाले. मास्तर गोवरी घेऊन उठले, आणि पालीवाला म्हणाला, "थांबा मास्तर. एक गंमत आणलीय. ते जुने एपिसोड या महिन्यात मोबाईलवर आले. तुमचा मी डाउनलोड करून आणलाय, अजून बघितला न्हाई. जाळायच्या आधी एकदा बघू तरी तिला पळताना." मग माझ्याकडे वळून, "आन ताई, एक इचित्र हाय बघ. जगातल्या लोकांनी वाईट सीनची एवढी लांब यादी केलीय. त्यात आपली फिटरबाई न्हाईच."

त्याने ते सगळं आमच्यासाठी हौसेने केलं होतं. मी म्हटलं, नको, आधी पेटवू. मास्तर म्हणाले, "आसं कसं? म्या कधी बघितलीच न्हाई ती. लाव रं." पालीवाल्याने मोबाईल एका मोटारीच्या कवचाला टेकवून उभा केला.

"ती पळत नाही त्यात," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. डिझेल संपलं ते, संगीत बदललं ते, मी रचलं ते. सरळ सांगितलं, मान खाली घातली नाही. हातातली गोवरी मास्तरांनी मांडीवर ठेवली आणि पालीवाल्याला खुणेने सांगितलं, लाव.

शेवट मीही पहिल्यांदाच बघत होते. दोर तुटतो. ती लांब जाते. खिडकीतून तिचा हात दिसतो, हातात अजून पाना आहे. कप्तान खिडकीकडे बघतही नाही. चालकाला म्हणतो, "चलो." यान निघतं. पुढच्याच दृश्यात सगळे टेबलाशी बसून काहीतरी पितात आणि कोणीतरी विनोद करतं. संपलं. ज्या बाईसाठी मी वीस वर्षं खोटं जपलं तिला त्यांनी चहाच्या घोटाएवढा वेळही दिला नव्हता.

"मागं घे," मास्तर म्हणाले. पुन्हा बघितलं. "आनखी एकदा." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डबल बेल कुनी दिली?"

आम्हाला आधी समजेना. पालीवाला म्हणाला, "तिथं बेल न्हाई मास्तर. कप्तान चलो म्हनला, निघाली."

"तसं कसं निघंल?" मास्तर उभेच राहिले. "मानूस भाईर हाय! मोजलं न्हाई कुनी? यवढी मोठी गाडी, यवढी शिकलेली मानसं, आन भाईर कोन ऱ्हायलं ह्ये बघाय एकबी न्हाई?" मग माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि अजून होळी पेटलीही नव्हती. "आन तू. वीस वरसं म्या त्या बाईला शिव्या घातल्या. मेलेल्या बाईला. तुज्यामुळं."

हे मला लागलं. इतकं लागलं की मी भांडायलाच उठले. मी म्हटलं, "मेली म्हणून सांगितलं असतं ना मास्तर, तर पुढच्या सोमवारपर्यंत तुम्ही तिला विसरला असता. त्यांच्या यानावर कोणाला आठवते ती? जगाच्या यादीत तरी आहे का? वाईट म्हणूनसुद्धा कोणी धरली नाही तिला. तुम्ही शिव्या घातल्या म्हणून ती राहिली. मी माफी मागणार नाही."

"पन ताई," पालीवाला हळूच म्हणाला, "खरं ते खरंच ना? एपिसोडमधी हाय तेच धराया पायजे."

"तीनदा मेलेला कप्तान उठून बसतो, ते खरं चालतं तुला? त्यांनी टेबलाशी बसून रचलं, मी एसटीत उभ्याने रचलं. आणि त्यांच्यापेक्षा मी तिला बरं वागवलं."

मैत्रीण मधे पडली. ती म्हणाली, "मला तर वाटतं, मी तेव्हा रडले ते ती पळाली म्हणून न्हाईच. आमाला न सांगता गेली म्हणून." रस्त्यावर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, दुकानापुढे कोणीतरी मोटार झाली का म्हणून हाक मारली, मी मागूनच ओरडले की आज होळी आहे, उद्या या.

मास्तर माझ्या दुकानाच्या शेडमध्ये गेले. परत आले ते चुन्याची वाटी घेऊन. मांडीवरची ती गोवरी त्यांनी अंगठ्याने घासली. 'फिटर पळाली' हे शब्द पुरते जाईनात, तरी घासत राहिले. मग उलट्या बाजूने बोटाने लिहिलं, 'मोजलं न्हाई.' आणि आमच्यापुढे धरली.

चौघांचे हात वर गेले. माझाही. मी काडी लावली, मास्तरांनी गोवरी मधोमध ठेवली. आणि त्या माणसाने, ज्याने सगळ्या नोकरीत प्रवाशाला कधी अरे म्हटलं नसेल, अशी बोंब ठोकली की रस्त्यापलीकडचे ढाबेवाले बाहेर आले. आम्हीही ठोकली. घसा फाटेस्तोवर. कप्तानाच्या नावाने, टेबलाशी बसून ती गोष्ट लिहिणाऱ्यांच्या नावाने, विनोद करून हसणाऱ्यांच्या नावाने. ढाब्यावरच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय झालं हो? पालीवाल्याने ओरडून सांगितलं, "एक बाई भाईर ऱ्हायली व्हती!"

गोवऱ्या खाली बसल्या. गावच्या होळीची वेळ झाली म्हणून मैत्रीण गाडीची किल्ली शोधायला लागली. मास्तर निघताना माझ्यापाशी येऊन थांबले. माझ्याकडे न बघता, निखाऱ्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "मग ती तुजी बाई. ती शत्रूची नाव घिऊन निघाली त्येच्या म्होरं? घरी पोचली का न्हाई ती?"

त्याच्यापुढचं मी कधी रचलंच नव्हतं. मला गोष्ट भोरच्या स्टँडपर्यंतच लागायची.

"पोचली, मास्तर," मी म्हणाले. "दिवेलागणीच्या आत पोचली." त्यांनी मान हलवली आणि गेले. हे धडधडीत खोटं आहे, आणि कोणीही विचारलं तरी मी हेच सांगेन.